टिशोन्त्स: हजारावर जायचा पोलिश पत्त्यांचा डाव कसा खेळायचा

पोलंडमध्ये तिघं जण पत्ते घेऊन बसले की बऱ्याचदा टिशोन्त्सच सुरू होतो. नावाचा अर्थ हजार, कारण जो आधी १००० गुणांवर जातो तो जिंकतो. दोघांत खेळता येतो, चौघांतही जमवतात, पण खरी मजा तिघांतच, त्यामुळे इथं मी तिघांचाच डाव नीट सांगतो आणि बाकीचं शेवटी थोडक्यात. एक आधीच सांगून ठेवतो, रशिया, युक्रेनकडे याच नावाचा याचा भाऊबंद खेळ आहे आणि नेटवर दोघांचे नियम इतके मिसळलेत की वाचणारा गोंधळतो. खाली आहे ती पोलिश पद्धत.

कॅटमधून दुर्रीपासून अठ्ठीपर्यंत सगळं काढून बाजूला ठेवा. उरतात नश्शी, दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का, असे चार रंगांचे मिळून २४ पत्ते. पोलंडमध्ये २४ पत्त्यांचा छोटा कॅट वेगळाही मिळतो. तिकडचा कॅट हातात आला तर राणीवर क्यूच्या जागी डी दिसेल (दामा) आणि गुलामावर जेच्या जागी डब्ल्यू (वालेत), दचकू नका.

आता क्रम, आणि इथंच नवा माणूस पहिल्यांदा अडखळतो. सगळ्यात मोठा एक्का, मग दश्शी, मग राजा, राणी, गुलाम आणि शेवटी नश्शी. मेंढीकोट खेळलेल्यांना दश्शीची किंमत वेगळी सांगायला नको, पण तिथं दश्शीला राजा, राणी, गुलाम कुणीही खातं, इथं दश्शीच राजाच्या डोक्यावर बसलीय, तिला फक्त एक्का (किंवा हुकूम) मारू शकतो. गुण असे: एक्का ११, दश्शी १०, राजा ४, राणी ३, गुलाम २, नश्शी शून्य. एका रंगाचे ३०, चार रंगांचे १२०. हा १२० आकडा डोक्यात पक्का बसवा, सगळी बोली त्याच्याभोवती फिरते.

पण नुसत्या १२० वर हा खेळ चालत नाही. खरं घबाड असतं जोडीत, म्हणजे एकाच रंगाचा राजा आणि राणी एकाच हातात. पोलिशमध्ये जोडी जाहीर करण्याला मेल्दुनेक म्हणतात. बदामाची जोडी १००, चौकटची ८०, किलवरची ६०, इस्पिकची ४०. म्हणजे राजा-राणी मिळून पत्त्यांचे गुण फक्त ७, आणि जोडी म्हणून जाहीर केली की बदामात वर १०० फुकट. जर्मन-ऑस्ट्रियन बाजूचे सहासष्ट, श्नाप्सेन हे खेळ माहीत असतील तर हे सगळं त्याच घराण्यातलं आहे हे लगेच कळेल.

वाटणी: प्रत्येकाला ७ पत्ते आणि मध्ये ३ पत्ते उलटे. त्या तीन पत्त्यांना म्हणतात मुशिक. वाटणारा दर डावाला बदलतो, घड्याळाच्या दिशेनं.

मग बोली. वाटणाऱ्याच्या डावीकडच्याला पर्यायच नसतो, हातात कचरा असला तरी त्याची बोली १०० धरलीच जाते. पुढचा ११० म्हणेल नाहीतर पास, मग तिसरा, असं दहा-दहानं चढत जायचं. एकदा पास म्हटलं की त्या डावात परत तोंड उघडायचं नाही. दोघं पास झाले की उरलेला बोली जिंकला. बोलीला एक लगाम आहे तो विसरू नका, हातात जोडी नसेल तर १२० च्या वर जाता येत नाही, कारण जोडीशिवाय १२० च्या वर गुण होतातच कुठून. जोडी असेल तर १२० अधिक त्या जोडीचे गुण, इथपर्यंत. मुशिकात जोडी पूर्ण होईल या आशेवर १३० म्हणणं चालत नाही, बोलताना हातात जे आहे तेच धरायचं.

बोली जिंकणारा मुशिक सगळ्यांना दिसेल असा उघडतो आणि हातात घेतो. आता त्याच्याकडे १० पत्ते. त्यातला एकेक पत्ता दोन्ही भिडूंना उलटा द्यायचा, म्हणजे तिघांकडे ८-८ होतात. हे झाल्यावर त्याला वाटलं तर बोली अजून वर नेता येते, खाली आणता येत नाही. मग पहिली उतारी त्याचीच, आणि उरलेले दोघं त्या डावापुरते एकत्र, त्याला पाडायला.

खेळताना सक्ती भरपूर आहे. उतरलेला रंग असेल तर तोच टाकायचा. नुसता टाकायचा नाही, आत्तापर्यंतच्या मोठ्या पत्त्याला मारता येत असेल तर मारायचाच, मागे राखून ठेवायची सोय नाही. रंग नसेल आणि हुकूम ठरलेला असेल तर हुकूम टाकायचा, कुणी आधीच हुकूम टाकलाय आणि तुमच्याकडे त्याहून मोठा आहे तर मोठा टाकायचा. रंगही नाही हुकूमही नाही, तरच मनाला येईल तो पत्ता. काही घरांत मारायची सक्ती जरा सैल ठेवतात, पण शिकताना कडक नियमानंच शिका, कारण सक्ती आहे म्हणूनच समोरच्याकडून पत्ता ओढून काढता येतो.

हुकूम कधी ठरतो? डावाच्या सुरुवातीला हुकूम नसतोच. ज्याची उतारी आहे आणि ज्याच्याकडे जोडी आहे त्यानं जोडीतला राजा किंवा राणी उतरायची आणि जोडी जाहीर करायची, तेव्हाच तो रंग हुकूम होतो आणि जोडीचे गुण त्याला मिळतात. तो हात पुढं दुसऱ्यानं नेला तरी जोडीचे गुण जात नाहीत. नंतर कुणी दुसरी जोडी जाहीर केली की जुना हुकूम गेला, नवा आला. एका डावात दोन-तीनदा हुकूम बदललेला दिसतो. लक्षात घ्या, उतारी तुमच्या हातात असेल तरच जोडी जाहीर होते. हातात बदामाचा राजा-राणी आहे पण एकही हात झाला नाही तर ते १०० गुण हातातल्या हातात वाया.

गुण लिहायची पद्धत हा या खेळाचा जीव आहे, इथं नीट वाचा. बोली जिंकणाऱ्यानं बोली पूर्ण केली तर त्याला बोलीएवढेच गुण मिळतात, वरचे जास्तीचे मिळत नाहीत. कमी पडला, एका गुणानं का होईना, तर बोलीचा पूर्ण आकडा त्याच्या खात्यातून वजा. बाकीच्या दोघांना त्यांनी जे कमावलं ते जवळच्या दहाला धरून, म्हणजे ४७ चे ५०, ४३ चे ४०. म्हणजे बोली जिंकणाऱ्यानं कमी बोललं तरी नुकसान, जास्त बोललं तर त्याहून मोठं नुकसान. पत्ते खेळणं एक वेळ आठवड्यात येतं, हा आकडा काढायला शिकणं हाच टिशोन्त्स.

नुसतं सांगून कळणार नाही म्हणून एक डाव पूर्ण खेळून दाखवतो, जमलं तर खरोखरच पत्ते मांडून वाचा.

तुमच्या हातात आलं: बदाम एक्का, राजा, राणी, चौकट एक्का आणि नश्शी, इस्पिक दश्शी, किलवर गुलाम. वाटणारा तुमच्या डावीकडचा, त्यामुळे सक्तीची १०० उजवीकडच्यावर. तुम्ही ११० म्हणता, डावीकडचा पास, उजवीकडचा १२०, तुम्ही १३०, तो १४०. थांबा इथं. १४० म्हणजे काय झालं? १२० च्या वर गेला म्हणजे त्याच्याकडे जोडी आहे, आणि बदामाची जोडी तुमच्याकडे असल्यानं ती इतर कुठल्यातरी रंगाची असणार. बोली ऐकताना हा हिशोब कायम चालू ठेवायचा, फुकटात माहिती मिळते. तुमचा अंदाज: जोडीचे १००, दोन एक्क्यांचे दोन हात, त्यात समोरच्यांचं थोडं काही पडेलच, आणि हुकमाचा एखादा हात. १५० धरायला हरकत नाही. तुम्ही १५० म्हणता, तो पास.

मुशिक उघडलं: किलवर एक्का, इस्पिक नश्शी, चौकट राणी. एक्का आला, झकास. आता दोन पत्ते द्यायचेत आणि इथं घाई करू नका. चौकटची राणी कुचकामी वाटते ना? ती देऊ नका. चौकटचा राजा कुणाकडे आहे तुम्हाला माहीत नाही, आणि ज्याच्याकडे असेल त्याला राणी दिलीत तर तुम्ही स्वतःच्या हातानं त्याला ८० ची जोडी बांधून दिली. (आपल्या डावात तो राजा डावीकडच्याकडे आहे.) इस्पिकची नश्शीही ठेवा, ती दश्शीची राखण करते: समोरून एक्का आला की नश्शी टाकायची, एक्का गेला की दश्शी त्या रंगात सगळ्यात मोठी. एकटी दश्शी असती तर एक्क्याखाली मुकाट्यानं १० गुण द्यावे लागले असते. म्हणून चौकट नश्शी डावीकडे, किलवर गुलाम उजवीकडे. तुमच्याकडे राहिलं: बदाम एक्का, राजा, राणी, चौकट एक्का, राणी, इस्पिक दश्शी, नश्शी, किलवर एक्का.

बोली १५० वरच ठेवलीत. पहिली उतारी. लगेच जोडी जाहीर करायचा मोह होतो, पण बदामाची दश्शी बाहेर आहे, ती तुमच्या राजाला किंवा राणीला खाईल आणि उतारी दुसऱ्याकडे जाईल, आणि एकाकडे जोडी आहे हे आपण बोलीतच ऐकलंय. उलट अजून हुकूम नाही म्हणजे एक्के कुणी कापू शकत नाही. म्हणून आधी एक्के.

किलवर एक्का: डावीकडून नश्शी, उजवीकडून गुलाम. १३ गुण. चौकट एक्का: नश्शी आणि गुलाम, परत १३. बदाम एक्का: डावीकडून नश्शी, उजवीकडून गुलाम, अजून १३. झाले ३९. बदामात आता बाहेर फक्त दश्शी राहिली, आणि ती अजून पडली नाही म्हणजे कुणाकडे तरी आहे. चौथी उतारी बदामाची राणी, जोडी जाहीर, १०० जमा, बदाम हुकूम. डावीकडच्याला दश्शी टाकून मारावंच लागतं, उजवीकडच्याकडे बदाम संपलेत आणि हात आपल्या जोडीदाराचा आहे म्हणून तो खुशीनं चौकटची दश्शी त्यात टाकतो. २३ गुण त्यांचे. जातात तर जाऊ द्या, बाहेर आता एकही हुकूम उरला नाही आणि तुमच्याकडे बदामाचा राजा आहे.

डावीकडचा इस्पिक एक्का उतरतो, उजवीकडून राणी, तुम्ही नश्शी. १४ त्यांचे. राणी पडली म्हणजे उजवीकडच्याची इस्पिकची जोडी फुटली, त्याच्याकडे किलवरची अजून आहे, पण उतारी मिळाली नाही तर तिचा उपयोग काय. डावीकडचा किलवर दश्शी उतरतो, उजवीकडून राजा, तुमच्याकडे किलवर नाही म्हणून बदामाच्या राजानं कापलंत: १०, ४ आणि ४, एकूण १८. आता इस्पिकची दश्शी उतरा, एक्का गेलाय: डावीकडून गुलाम, उजवीकडून राजा, १६. शेवटची चौकट राणी उतरता, डावीकडचा चौकट राजानं मारतो, उजवीकडून किलवर राणी पडते, त्यांचे १०.

तुमचे पत्त्यांचे गुण ३९, १८ आणि १६ मिळून ७३, जोडीचे १००, एकूण १७३. बोली १५०, म्हणून लिहायचे १५०. डावीकडच्याचे ४७, त्याला ५०. उजवीकडच्याला शून्य, आणि त्याच्याकडे सुरुवातीला दोन जोड्या होत्या! मुशिक बघितल्यावर तुम्ही बोली १७० केली असती तर १७० मिळाले असते. १८० केली असती तर सात गुणांसाठी १८० वजा. किलवरचा एक्का मुशिकात आल्यावर दोन पायऱ्या चढायला हव्या होत्या असं माझं मत, तीन नाही.

कधी कधी मुशिक उघडतं आणि त्यात काहीच निघत नाही, आणि तुम्ही तर १४० बोलून बसलेले. अशा वेळी बोंबा टाकता येतो: खेळायच्या आधीच डाव सोडून द्यायचा. तुम्हाला शून्य, पण वजाही काही नाही, आणि बाकीच्या दोघांना ६०-६०. पूर्ण खेळात प्रत्येकाला हा एकदाच मिळतो असं बहुतेक ठिकाणी धरतात, म्हणून पहिल्याच वाईट मुशिकाला उडवून टाकू नका. दोघांपैकी एक ८५० वर असेल तर मात्र ६० देताना फार घाबरायचं कारण नाही, का ते पुढं येतंय. आणि एकाच्याच हातात चारही नश्श्या आल्या तर तो पत्ते परत वाटायला लावू शकतो.

८०० ची गोष्ट. कुणाचे गुण ८०० किंवा त्याच्या वर गेले की दुसऱ्याच्या डावात कमावलेले गुण त्याच्या खात्यात चढत नाहीत. त्यानं स्वतः बोली जिंकायची आणि ती पूर्ण करायची, तरच तो पुढं सरकणार. (काही घरांत ही रेघ ८८० किंवा ९०० वर मारतात, बसण्याआधी ठरवून घ्या, नंतर भांडण नको.) यामुळे शेवटचा टप्पा एकदम बदलतो. ८८० वर बसलेला माणूस १२० च्या बोलीसाठी टपलेला असतो आणि बाकीचे दोघं त्याला बोली मिळू नये म्हणून जरा जास्तच ताणतात, मग त्यातला एखादा १५० वर अडकतो आणि वजा होतो. ८०० च्या वरचा माणूस दुसऱ्याच्या डावात खेळतो तो फक्त समोरच्याला पाडायला, गुणांचं त्याला काही पडलेलं नसतं, म्हणून तो सगळे भारी पत्ते बिनधास्त जोडीदाराच्या हातात टाकतो, हेही ध्यानात असू द्या.

थोडं अनुभवाचं. जोडी नसलेल्या हातावर फार चढू नका, १२० ची बोली जोडीशिवाय पूर्ण करायची म्हणजे सगळेच गुण तुम्हाला हवेत, तसे हात क्वचित पडतात. दोन एक्के आणि एक छोटी जोडी हा बोलायला चांगला हात. नुसती जोडी आणि एकही एक्का नाही, तर उतारी एकदा गेली की परत कशी मिळवणार याचा आधी विचार करा. बोली तुमची नसेल तेव्हा तुमचं मुख्य काम हात जोडीदाराचा होतोय का बघणं, होत असेल तर त्यात दश्शी टाका, त्याचा होत नसेल तर नश्शी. आणि बोली जिंकणाऱ्यानं तुम्हाला जो पत्ता दिला तो नीट बघा, त्यानं कुठला रंग संपवलाय याचा वास त्यातूनच येतो.

दोघंच असाल तर प्रत्येकी १० पत्ते आणि दोन-दोन पत्त्यांचे दोन मुशिक. बोली जिंकणारा न बघता त्यातलं एक निवडतो, घेतो आणि नको असलेले दोन पत्ते बाजूला टाकतो. त्यात जुगार जरा जास्त आहे. चौघं असाल तर वाटणारा त्या डावात बसून राहतो, बाकी सगळं तिघांसारखंच. आणि माणसं जमत नसतील तर २००१ पासून चालू असलेली कुर्निक नावाची पोलिश साइट आहे, तिथं टिशोन्त्सच्या टेबलावर भिडू मिळतात. तिथले लोक वेगानं खेळतात आणि पत्ता टाकायला वेळ लावलात तर वैतागतात, तेव्हा आधी घरी कागदावर तीन रकाने आखून चार-पाच डाव खेळून घ्या आणि मगच तिकडं जा.